घोडदळ कधी सोडायचं, तिरंदाज कुठे उभे करायचे

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये कृष्ण-अर्जुनाच्या रथाचं शिल्प आहे. घोड्यांचे लगाम एकाच्या हाती, धनुष्य दुसऱ्याच्या हाती आणि दोघांचा रोख एकाच दिशेला. तुकड्यांच्या लढाईचे ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या प्रत्येक टीमला नेमकं हेच जमवावं लागतं, आणि बहुतेक टीम हरतात त्या हे न जमल्यामुळे. घोडदळवाला एकीकडे सुटतो, तिरंदाजवाला दुसरीकडे बाण संपवून बसतो आणि मधल्या पायदळाला कोणी वाली उरत नाही.

हा लेख अशा खेळाडूंसाठी आहे. भिलाई-दुर्गचे असोत, नागपूरचे असोत की पुण्याचे, मित्रांची टीम करून खेळणाऱ्या आणि जिंकण्यासाठी विचार करायची तयारी असणाऱ्या सगळ्यांसाठी. इथे नेम कसा धरायचा किंवा बोटं किती चपळ हवीत, हे सांगितलेलं नाही. हाताखाली तुकडी असते तेव्हा डोकं कसं चालवायचं, एवढंच सांगितलं आहे.

आधी खेळांविषयी थोडक्यात. अंकाराच्या टेलवर्ल्ड्स कंपनीचा ‘माउंट अँड ब्लेड टू : बॅनरलॉर्ड’ मार्च 2020 मध्ये अर्ध्या तयार रूपात आणि ऑक्टोबर 2022 मध्ये पूर्ण रूपात आला. त्याच्या कॅप्टन मोडमध्ये सहा विरुद्ध सहा खेळाडू असतात आणि प्रत्येकाच्या हाताखाली एक तुकडी असते. ‘कॉन्करर्स ब्लेड’मध्ये पंधरा विरुद्ध पंधरा सरदार आपापल्या तुकड्या घेऊन उतरतात. ‘टोटल वॉर’मध्ये अख्खी फौज एकाच खेळाडूच्या हाती असते, आणि दोन-तीन मित्र मिळून एका बाजूने लढले की तिथेही प्रश्न तोच येतो. नियम वेगवेगळे असले तरी घोडा आणि धनुष्य यांचं नातं सगळीकडे सारखंच आहे, कारण खेळ बनवणाऱ्यांनी ते खऱ्या लढायांमधून उचललं आहे. म्हणून इथली बरीच उदाहरणं खऱ्या रणांगणावरची आहेत.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. घोडदळ आणि तिरंदाज यांचं संतुलन संख्येवर ठरत नाही, वेळेवर ठरतं. दोन तुकड्या घोडदळाच्या घ्याव्यात की एक, यावर टीम अर्धा तास वाद घालते. घोडदळ नेमकं कोणत्या क्षणी सुटणार आणि त्या क्षणी तिरंदाज काय करणार, हे मात्र कोणी ठरवत नाही. राउंड हातचा जातो तो तिथे.

दोघांची कामं ओळखा

तिरंदाजांचं काम शत्रू मारणं आहे, असं नव्या खेळाडूला वाटतं. ते अर्धंच खरं आहे. तिरंदाज शत्रूला निवड करायला भाग पाडतात: ढाली वर करून दाटीने उभं राहायचं, पांगायचं, पुढे धावून यायचं की मागे सरायचं. घोडदळाचंही तसंच. त्याची धडक मोठी असतेच, पण धडक देण्याआधी त्याची धास्ती काम करत असते.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते इ. स. पूर्व 53 मधल्या कॅरीच्या लढाईत. रोमन सेनापती क्रॅससची पायदळी फौज मोठी होती. समोर पार्थियन सरदार सुरेना फक्त दहा हजारांच्या आसपास स्वार घेऊन उभा होता. त्यातले बहुतेक घोड्यावरचे तिरंदाज होते आणि हजारभर अंगभर चिलखत घातलेले भालेवाले स्वार. रोमन सैनिक भालेवाल्या स्वारांच्या भीतीने दाटून उभे राहिले की वरून बाणांचा पाऊस पडे आणि एकही बाण वाया जात नसे. बाण चुकवायला ते पांगले की भालेवाले स्वार चालून येत. दाटी केली तर बाण, पांगलं तर भाला. बाण संपतील तेव्हा सुटका होईल, ही आशाही फोल ठरली, कारण सुरेनाने उंटांवर बाणांचा साठा आणला होता.

या एका लढाईत संतुलनाचं सगळं गणित आहे. घोडदळाची धास्ती असेल तर शत्रू दाटतो आणि तिरंदाजांना सोपं निशाण मिळतं. बाणांची धास्ती असेल तर शत्रू पांगतो आणि घोडदळाला वाट मिळते. एकाच्या भीतीने शत्रू जे करतो, त्याचा फायदा दुसऱ्याने घ्यायचा. एक हत्यार काम करत असताना दुसरं नजरेआड किंवा रिकामं असेल, तर तुम्ही अर्ध्याच फौजेने लढत आहात.

खेळात याचा सरळ अर्थ असा. समोरची टीम ढालींची भिंत करून उभी असेल तर घोडदळाला धडक देऊ देऊ नका. त्याला फक्त दिसत राहू द्या आणि तिरंदाजांना बगलेवर न्या, कारण ढालीची भिंत समोरून बाण अडवते, बाजूने तितके अडवत नाही. समोरच्यांनी ‘विरळ’ रचना केली की तो घोडदळासाठी इशारा आहे. पांगलेल्या पायदळाला घोडा रोखता येत नाही.

तुकड्यांची वाटणी

सहा जणांच्या टीमसाठी माझा पाया ठरलेला आहे: तीन पायदळ, दोन तिरंदाज, एक घोडदळ. पायदळातली एक तुकडी लांब भाल्यांची हवीच. नकाशा मोकळ्या मैदानाचा असेल तर पायदळातली एक कमी करून दुसरं घोडदळ घ्या. गाव, गल्ल्या, भिंती, दाट झाडी असेल तर घोडदळ एकच ठेवा किंवा अजिबात घेऊ नका. पायरीवर, अरुंद दारात, उतारावर घोडा अडला की तो उंच निशाण बनतो, आणि घोडदळाच्या तुकडीत माणसं आधीच कमी असतात.

तीन तिरंदाज तुकड्या घ्यायचा मोह बऱ्याच टीमना होतो, कारण सुरुवातीच्या मिनिटांत दूरवरून समोरचे टिपताना मजा येते. पण कॅप्टन मोडमध्ये झेंड्यांच्या जागा ताब्यात ठेवाव्या लागतात. झेंडे हातचे गेले की टीमचं मनोबल घसरत जातं आणि तिरंदाजांना कधी ना कधी पुढे यावंच लागतं. तेव्हा पुढे उभं राहायला पायदळ नसेल, तर सुरुवातीला टिपलेल्या माणसांचा काही उपयोग होत नाही.

पक्ष निवडताना त्याचा स्वभाव पाहा. बॅनरलॉर्डमध्ये बॅटेनियाचे तिरंदाज चांगले आहेत, व्लॅंडियाकडे जड घोडदळ आणि क्रॉसबो आहेत, खुझैतांकडे घोड्यावरचे तिरंदाज. तुमच्या टीममध्ये घोडा शांतपणे हाताळणारा कोणी नसेल, तर नुसत्या नावासाठी घोडदळाचा पक्ष घेऊ नका. आणि एक नियम कडक पाळा: टीममधला सगळ्यात उतावळा खेळाडू घोडदळावर बसवायचा नाही. तो स्वतः मागतो, म्हणून तर मुळीच नाही. घोडदळ त्याला द्या जो राउंडचा निम्मा वेळ काहीही न करता थांबू शकतो.

तिरंदाजांची जागा

तिरंदाज कुठे उभे करायचे याचं मला माहीत असलेलं उत्तम उदाहरण पानिपतचंच, पण 1526 चं. 21 एप्रिलला बाबरासमोर इब्राहिम लोदीची त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी फौज होती. बाबराने उजव्या बाजूला पानिपत शहराची घरं घेतली. डाव्या बाजूला खंदक खणला आणि झाडं तोडून अडसर केला. मध्ये सुमारे सातशे गाडे कातड्याच्या दोरांनी एकमेकांना बांधून उभे केले आणि त्यांच्या आडोशाला बंदूकवाले ठेवले. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या आडोशात त्याने एकेका बाणाच्या टप्प्यावर मोकळ्या वाटा सोडल्या होत्या, शंभर-दोनशे स्वार एकदम बाहेर पडू शकतील एवढ्या. त्याशिवाय दोन्ही टोकांना फिरत्या स्वारांच्या तुकड्या होत्या. त्यांनी वळसा घालून शत्रूच्या पिछाडीवर बाण सोडायचे होते.

म्हणजे आडोसा करतानाच बाबराने घोडदळाच्या बाहेर पडण्याच्या वाटा आखल्या होत्या. आपल्या टीम नेमकं इथे चुकतात. तिरंदाज एखाद्या टेकाडावर आडवे पसरतात, पायदळ त्यांच्यासमोर भिंत करतं, आणि मागचं घोडदळ आपल्याच माणसांत अडकतं. मग घोडदळाला सगळ्यांना वळसा घालून जावं लागतं, त्यात चाळीस सेकंद जातात आणि क्षण हुकतो.

म्हणून तिरंदाज कॅप्टनने या गोष्टी ठरवून घ्याव्यात:

पहिली, एक बाजू नेहमी कशाला तरी टेकलेली हवी. भिंत, ओढा, कडा, घर, काहीही चालेल. म्हणजे शत्रूच्या घोडदळाला तुमच्यावर यायला एकच बाजू उरते आणि त्या बाजूला भाल्यांची तुकडी उभी करता येते.

दुसरी, थोडी उंची घ्या, पण शिखरावर जाऊ नका. टेकाडाच्या टोकावर उभ्या तिरंदाजांना पायथ्याचं दिसत नाही आणि मागे सरायला जागा राहत नाही. उताराच्या वरच्या तिसऱ्या हिश्शावर उभे राहा. मागून कोणी आलं तर टोक ओलांडून पलीकडे उतरता येतं.

तिसरी, रचना विरळ ठेवा. समोरूनही बाण येणार आहेत. घोडदळ चालून येताना दिसलं की चौकोनी रचनेत या, आणि हा हुकूम घोडे अर्ध्या वाटेवर असतानाच द्या. ते दहा पावलांवर आल्यावर दिलेला हुकूम तुकडी पाळेपर्यंत उशीर झालेला असतो.

चौथी, बाण मोजा. तुकडीला ‘वाटेल तेव्हा मारा’ची मोकळीक देऊन स्वतः दुसरीकडे पाहणं ही सर्वांत महाग सवय आहे. टप्प्याच्या शेवटच्या टोकावर, ढालींवर, झाडांवर निम्मे बाण संपतात. मारा थांबवायचा हुकूम याच कामासाठी आहे. शत्रू ढाल खाली करून धावू लागतो, वळतो किंवा झेंड्याजवळ थांबतो, ते क्षण निवडा.

1415 मध्ये अझिंकूरला इंग्रज तिरंदाजांनी टोकदार खुंट जमिनीत रोवून फ्रेंच घोडदळ अडवलं. चिखलाने त्यांना मदत केली. ‘मिडिव्हल टू : टोटल वॉर’मध्ये असे खुंट आहेतही. तुमच्या खेळात खुंट नसतील, तर ते काम भालाइतांकडून करून घ्या. तिरंदाजांपासून भालाईत जास्तीत जास्त पंधरा-वीस पावलांवर असावेत. ‘गरज पडली तर येतो’ म्हणणारी भाल्यांची तुकडी वेळेवर पोहोचत नाही.

घोडदळाची शिस्त

घोडदळाच्या कॅप्टनने आपलं काम चार टप्प्यांत पाहावं: दिसणं, लपणं, धडक, परत.

राउंड सुरू झाला की समोरच्याला तुमचे घोडे एकदा दिसू द्या. त्यांचे भालाईत बगलेवर सरकतात, तिरंदाज जवळजवळ येतात. त्यांची चाल मंदावते. एकही माणूस न गमावता हे साधतं.

मग टेकाडामागे किंवा घरांच्या ओळीमागे दिसेनासे व्हा. घोडे कुठे आहेत हे माहीत नसलेली टीम जास्त सावध असते. या वेळात नकाशावरच्या तीन वाटा मनाशी ठरवा: आत जायची, बाहेर पडायची, आणि पहिली बंद झाली तर दुसरी.

धडक देताना वेग हेच हत्यार. बॅनरलॉर्डमध्ये घाव किती लागेल हे वेगावर अवलंबून असतं. धावत्या घोड्यावरचा भाला आणि थांबलेल्या घोड्यावरचा भाला यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ‘टोटल वॉर’मध्येही धडकेचा जोर पहिल्या काही क्षणांपुरताच टिकतो. म्हणून जिथे पन्नास-साठ पावलांची सपाट धाव मिळते तिथूनच सुटा. निशाण निवडताना भालाईत टाळा. समोर गुंतलेल्या पायदळाची पाठ, एकटे पडलेले तिरंदाज, किंवा मोडून पळणारी तुकडी, या क्रमाने शोधा.

चौथा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो. धडक बसली, चार-सहा माणसं पडली की कॅप्टन तिथेच रेंगाळतो. घोडे थांबतात, पायदळ भोवती जमतं आणि अर्ध्या मिनिटात तुकडी संपते. आत शिरलात त्याच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडा, तुकडीला ‘माझ्यामागे’चा हुकूम आधीच देऊन ठेवा, दूर जाऊन वळा आणि मगच पुन्हा या. तुकडीला नुसतं ‘हल्ला’ म्हणून सोडून दिलं तर शिपाई ज्याला जो दिसेल त्याच्यामागे जातात आणि घोडदळ राहत नाही, सुटे घोडेस्वार उरतात.

वेळ चुकली की काय होतं

मराठी माणसाला पानिपत म्हटलं की 14 जानेवारी 1761 ची मराठे आणि अब्दाली यांच्यातली लढाई आठवते. त्या दिवसाचा एक प्रसंग आपल्या इतिहासलेखनात वारंवार सांगितला गेला आहे आणि तो या लेखाच्या विषयाशी थेट भिडतो. मराठ्यांच्या डाव्या बाजूला इब्राहिमखान गारदीच्या कवायती पलटणी होत्या. त्यांच्या बंदुका-तोफांनी समोरच्या, अब्दालीच्या बाजूने लढणाऱ्या रोहिल्यांना सकाळी चांगलंच मागे रेटलं. शत्रू मागे हटतो आहे असं पाहून विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांच्या घोडदळाने पुढे धाव घेतली. गारद्यांच्या बगलेला राहायचं सोडून घोडे त्यांच्या माऱ्यापुढे आले. मारा थांबवावा लागला, रोहिल्यांनी सावरून घोडदळावर गोळ्या झाडल्या, घोडदळ मागे फिरलं आणि गारद्यांची बाजू उघडी पडली.

शौर्य कुठेच कमी नव्हतं. गारदी शेवटपर्यंत लढले, त्यांची जबर हानी झाली. कमी पडला तो दोघांमधला मेळ. दूरवरून मारणारे काम करत असताना घोडदळाने त्यांच्या माऱ्यासमोर यायचं नाही, हा एक नियम मोडला आणि दोन्ही हत्यारं एकाच वेळी बोथट झाली. दुसरीकडे अब्दालीने आपले ताजे स्वार राखून ठेवले होते. दुपारी दोन्ही बाजू थकल्यावर त्याने ते उतरवले. त्या वेळी मराठ्यांकडे तसं राखीव काही उरलं नव्हतं.

गावोगावच्या टीम रोज रात्री हीच चूक लहान आकारात करतात. तिरंदाजांनी समोरची तुकडी जेरीस आणली की घोडदळवाल्याला राहवत नाही. तो मध्ये घुसतो. ज्या खेळात आपलाच बाण आपल्या माणसाला लागतो, तिथे घोडे पाठीत बाण खातात. जिथे लागत नाही, तिथेही तिरंदाजांची नजर झाकली जाते. म्हणून हा नियम भिंतीवर लिहून ठेवा: घोडदळ तिरंदाजांच्या माऱ्याच्या रेषेला आडवं येणार नाही. ते बाजूने किंवा मागूनच येईल, आणि येण्याआधी ‘मारा थांबवा’ असं तिरंदाजांना सांगेल.

एक राउंड जवळून

मोकळं मैदान, मध्ये एक झेंडा, डावीकडे पडका वाडा आणि उजवीकडे चढ, असा नकाशा डोळ्यांसमोर आणा. तुमच्याकडे तीन पायदळ, दोन तिरंदाज, एक घोडदळ. समोरही साधारण तसंच.

पहिलं मिनिट: दोन्ही तिरंदाज उजवीकडच्या चढाच्या वरच्या भागात जातात, भालाईत त्यांच्या डाव्या हाताला उभे. ढालवाले दोन कॅप्टन झेंड्यापासून तीस पावलं अलीकडे थांबतात. घोडदळ मैदानातून एकदा आरपार दिसून वाड्यामागे जातं.

दुसरं मिनिट: समोरचं पायदळ झेंड्यावर येतं आणि ढाली जोडतं. चढावरची पहिली तिरंदाज तुकडी मारा थांबवून ठेवते. दुसरी थोडी पुढे सरकून त्यांच्या उघड्या बाजूवर मोजकेच बाण सोडते. समोरच्यांना ढालीची भिंत उजवीकडे वळवावी लागते.

तिसरं मिनिट: भिंत वळली की तिचा डावा कोपरा वाड्याच्या दिशेने उघडा पडतो. आता तुमचे ढालवाले पुढे होतात आणि भिडतात. इथे घाई करायची नाही. पायदळ पायदळाला भिडल्यावर दहा सेकंद जाऊ द्या. त्या दहा सेकंदांत समोरच्या कॅप्टनचं लक्ष हातघाईत अडकतं.

मग टीमचा प्रमुख म्हणतो, ‘मारा बंद, घोडे पाठीवर.’ तिरंदाज थांबतात. घोडदळ वाड्यामागून निघून गुंतलेल्या पायदळाच्या पाठीतून आरपार जातं आणि चढाच्या पायथ्याशी, आपल्या भालाइतांच्या आडोशाला येऊन थांबतं. समोरच्या घोडदळाने पाठलाग केलाच, तर ते भाल्यांवर आणि तिरंदाजांच्या टप्प्यात येऊन पडतं.

यात घोडदळाची खरी धडक एकदाच झाली. बाण निम्म्याहून कमी खर्च झाले. तरीही राउंड तुमच्या बाजूला झुकला, कारण प्रत्येक तुकडीने दुसऱ्यासाठी वाट करून दिली.

समोर घोड्यावरचे तिरंदाज असतील तर

खुझैत घेणारी टीम भेटली की नवे खेळाडू वैतागतात आणि पाठलाग करू लागतात. पाठलाग करायचाच नाही. कॅरीला क्रॅससच्या मुलाने, पब्लियसने तेच केलं. तो घोडदळ आणि काही पायदळ घेऊन पार्थियनांच्या मागे गेला, मुख्य फौजेपासून तुटला आणि तिथेच मरण पावला.

घोड्यावरचा तिरंदाज जमिनीवरच्या तिरंदाजाइतका स्थिर नेम धरू शकत नाही. म्हणून त्याचा सामना तुमच्या पायी तिरंदाजांनी करायचा. रचना विरळ, समोर एक ढालवाली तुकडी, आणि नेम स्वारापेक्षा घोड्यावर धरा. घोडा मोठं निशाण आहे आणि घोडा पडला की स्वार तुमच्या पायदळाच्या हाती सापडतो. तुमचं घोडदळ या वेळी झेंड्याजवळ राहू द्या. घिरट्या घालणाऱ्यांनाही झेंड्यासाठी शेवटी जवळ यावंच लागतं. त्यांचा वेग कमी होतो, तो तुमचा क्षण.

बोलणं कमी, वेळेवर

टीममध्ये हुकूम देणारा आवाज एकच असावा. बाकीच्यांनी फक्त खबर द्यायची: कोण, कुठे, किती. ‘घोडे, वाड्यामागे, दोन तुकड्या’ एवढं पुरतं. ‘अरे बघ बघ तिकडे’ याने कोणालाच काही कळत नाही.

भिलाईत हे आणखी एका कारणाने गरजेचं आहे. स्टील प्लांटची पाळी करून आलेलं माणूस घराघरांत असतं, आणि नाइट शिफ्टनंतर झोपलेल्या वडिलांच्या शेजारच्या खोलीत आरडाओरडा करत खेळणं बरं नाही. हळू आवाजात, मोजक्या शब्दांत बोलायची सवय घरासाठी चांगली आणि खेळासाठी त्याहून चांगली.

आपल्याकडून सर्व्हर दूर असेल तर पिंग वाढतं आणि हुकूम उशिरा पोहोचतो. यावर उपाय एकच: हुकूम अंदाजाने, थोडा आधी द्यायचा. पिंग जास्त असलेल्या खेळाडूने घोडदळ घेऊ नये, पायदळ घ्यावं. तिथे अर्ध्या क्षणाच्या उशिराने तितकं बिघडत नाही.

सराव कसा करावा

थेट सामन्यात शिकायला गेलं की प्रत्येक जण आपली माणसं वाचवण्याच्या मागे लागतो आणि शिकणं राहून जातं. म्हणून दोन प्रकारचा सराव सुचवतो.

पहिला टेबलावर. सिविक सेंटरच्या एखाद्या चहाच्या टपरीवर टीम भेटली की बाटल्यांची सहा झाकणं घ्या, कागदावर नकाशा काढा आणि तीन प्रश्नांची उत्तरं ठरवा. घोडदळ कुठून आत जाणार आणि कुठून बाहेर पडणार? त्या क्षणी तिरंदाजांचा मारा कोणत्या दिशेला असणार? पायदळ हरू लागलं तर सगळ्यांनी कुठे जमायचं? झाकणं सरकवताना दोघांच्या वाटा एकमेकांना छेदतात का, हे लगेच दिसतं.

दुसरा खेळात. बॅनरलॉर्डमध्ये संगणकाविरुद्ध ‘कस्टम बॅटल’ खेळता येते. तिथे एक दिवस फक्त तिरंदाज घ्या आणि तेच निशाण जवळून, दूरून, समोरून, बाजूने मारून पाहा. बाण किती लागले आणि किती उरले हे लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी फक्त घोडदळ घ्या आणि आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडण्याचाच सराव करा. माणसं किती मारली ते मोजू नका, तुकडीतले किती घोडे परत आणले ते मोजा. हे दोन्ही हाताला बसलं की मगच दोन्ही एकत्र घ्या.

सामना संपल्यावर पाच मिनिटं द्या. कोणाचं चुकलं हा प्रश्न विचारू नका. विचारायचं ते एवढंच: घोडदळ सुटलं त्या क्षणी तिरंदाज काय करत होते? या एका प्रश्नाच्या उत्तरात बहुतेक हरलेल्या राउंडचं कारण सापडतं.

आणि एक विनंती, विशेषतः बारावीच्या आणि कॉलेजच्या मुलांना. टीमचा दिवस आणि वेळ ठरवून घ्या, त्या वेळेपुरतं मन लावून खेळा आणि उठा. रात्रभर चिडून खेळलेल्या दहा सामन्यांपेक्षा नीट विचार करून खेळलेले दोन सामने जास्त शिकवतात.

या आठवड्यात टीमसोबत बसाल तेव्हा तुकड्या निवडण्याआधी घोडदळाच्या आणि तिरंदाजांच्या कॅप्टनना शेजारी बसवा. कोण कोणासाठी थांबणार आणि कोणत्या शब्दावर सुटणार, हे त्या दोघांकडून सगळ्यांसमोर ठरवून घ्या. मगच सामना सुरू करा.